पासंग

आमच्या घरात शिरणाऱ्या माणसाच्या हातातली पिशवी आधी तात्यांच्या हातात जायची, मग माणूस घरात यायचा. पाहुण्याला वाटे, काय हा आदर! आदर वगैरे काही नव्हता. पिशवी क्षणभर अधांतरी धरून तात्या डोळे बारीक करत, 'सव्वातीन' किंवा 'पावणेपाच' असं काहीतरी पुटपुटत, ती कोपऱ्यात ठेवत आणि मग म्हणत, "या, बसा." काष्टीच्या बाजारात उभं आयुष्य दुसऱ्यांचा कांदा मोजण्यात घालवलेल्या माझ्या सासऱ्यांची ही खोड होती. कलिंगड असो, लेकरू असो, नाहीतर देवाचा नारळ असो, हातात आलं की ते तोललं जायचं.

मला बघायला ते मिरजगावला आमच्या घरी आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी मनात म्हटलं, झालं, आता उंची विचारणार. त्यांनी काहीच विचारलं नाही. लग्नानंतर सतीशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं सांगितलं की परतीच्या एसटीत तात्या एवढंच बोलले होते, "पोरगी चव्वेचाळीस हाय. आपल्या घरी आली की पन्नास झाली पायजे." वर्षभरात मी बावन्न झाले. तात्या गल्लीत ज्याला त्याला अडवून सांगत, "बोलीपरीस दोन जास्तच भरली का न्हाई?" मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

तात्या मापाडी होते. कांद्याचा लिलाव झाला की शेतकऱ्याची गोणी काट्यावर चढते आणि काट्यापाशी उभा असलेला मापाडी आकडा ओरडून सांगतो. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि दोघांचेही डोळे त्याच्या तोंडाकडे. जुन्या तराजूचं एक पारडं दुसऱ्यापेक्षा हलकं असलं की त्याला खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधून दोन्ही सारखी करत. त्या तुकड्याला पासंग म्हणायचं. पुढं आकडे दाखवणारे काटे आले आणि पासंग बाजारातून गेला, पण तात्यांच्या तोंडातून गेला नाही. "आधी पासंग बघावा, मंग माल चढवावा," हे ते कांद्याविषयी म्हणत, सोयरिकीविषयी म्हणत आणि निवडणुकीविषयीही म्हणत. त्यांचं दुसरं वाक्य त्याहून कडक होतं. "काट्यावर माल चढवायचा, मन न्हाई."

या वाक्यापायी त्यांची बहीण तुटली होती. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. सोनाआत्या म्हणजे तात्यांची एकुलती एक बहीण. आत्यांचे यजमान आपला कांदा घेऊन आवारात आले. गोण्या काट्यावर चढत होत्या आणि त्यातली एक तात्यांना खटकली. फुगली होती बाकीच्यांएवढीच, पण वजनाला भरत होती जास्त. व्यापाऱ्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तात्यांनी गोणीचं तोंड सोडलं आणि भर आवारात ती पालथी केली. कांद्यांच्या मधून दगड घरंगळले. दाजी मान खाली घालून टेम्पोत जाऊन बसले. त्या वर्षापासून आत्यांनी भावाला ओवाळणं सोडलं.

भाऊबीजेला तात्या सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, इस्त्रीची टोपी घालून ओट्यावर बसत. बोलावणं यायचं नाही. दुपार कलली की ते उठत, टोपी खुंटीला अडकवत आणि जेवायला बसत. एकदा मला राहवलं नाही. "तात्या, तुमचं चुकलं असं वाटतं का हो कधी?" मी विचारलं.

"माप बरूबर हुतं," ते म्हणाले.

मी चुकीविषयी विचारलं होतं, ते मापाविषयी बोलले. हट्टी माणूस. मला त्या दिवशी त्यांचा रागही आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

आम्हाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचे सल्ले ऐकून झाले. शेवटी आम्ही दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा मला धास्ती होती ती तात्यांची. सतीशनं चाचरत विषय काढला. तंबाखू मळता मळता तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"पोरगी. दिवस भरायच्या आत जन्मलीय. अजून काचेच्या पेटीत ठेवलंय तिला."

"मंग वाट कुनाची बघता? थंडी पडायच्या आत आना घरी."

गल्लीतल्या बायका 'कुणाचं रगत, कुठलं मूळ' असं कुजबुजू लागल्या, तेव्हा तात्या ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कांदा कोंच्या शिवारातला, ते काटा कवा इचारत न्हाई." कुजबुज बंद झाली नाही, पण निदान आमच्या दारापासून लांब गेली.

थंडी पडायच्या आत काही झालं नाही. कागदांना थंडी-ऊन कळत नाही. ऐन कडाक्यात आम्ही तिला नगरच्या संस्थेतून घरी आणलं. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे. पोर एवढीशी की दुपट्यात ती आहे की नुसतंच दुपटं आहे, असा प्रश्न पडावा. तात्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी त्यांच्या हातांवर तिला ठेवलं आणि आकड्याची वाट बघत उभी राहिले. ते बोलेचनात.

"किती, तात्या?"

"गुंज हाय गुंज," ते म्हणाले. सोनाराच्या काट्यावर लाल-काळ्या गुंजेचं माप असायचं, सगळ्यात लहान. बारशाला आम्ही वेगळं नाव शोधायच्या भानगडीत पडलो नाही. तिचं नाव गुंजन ठेवलं.

अशा लेकराला माणसाच्या उघड्या अंगाची ऊब द्यायची, असं दवाखान्यात सांगितलं होतं. मी अंघोळीला नाहीतर चुलीपाशी असले की ते काम तात्यांचं. बंडी काढून ते खाटेवर रेलत, पांढऱ्या केसांच्या छातीवर गुंजन पालथी आणि वरून घोंगडी. तात्यांना खोकला आला की ते तो गिळून टाकत. वाटी-चमच्यानं थेंबथेंब दूध पाजायचं, ते कधी घशाखाली जायचं, कधी ओठांवरून ओघळायचं. एक चमचा पोटात गेला की मला गड जिंकल्यासारखं वाटे.

मग संस्थेच्या ताई घरी येऊन गेल्या. बाई प्रेमळ होत्या, पण स्पष्ट बोलल्या. "कलेक्टरसाहेबांची ऑर्डर होईपर्यंत बाळाची जबाबदारी आमची आहे. डॉक्टर घरी येऊन तपासतील, ते काय म्हणतात ते आम्हाला कळवा. वजन वाढलं नसेल तर बाळाला परत नगरला, दवाखान्यात ठेवावं लागेल. मग पुढचं पुढे बघू."

त्या गेल्या, पण त्यांचं 'पुढचं पुढे' आमच्या घरात मुक्कामाला राहिलं. सतीश जेवता जेवता थांबायचा. मी दूध पाजताना तिच्या ओठांपेक्षा दाराकडेच जास्त बघायचे. आणि तात्या, जे रोज सकाळी गुंजनला हातावर घेऊन आकडा पुटपुटायचे, ते एक दिवस गप्प झाले. "किती?" मी विचारलं. "वाढतीया," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. तात्यांनी आकडा सोडून नुसतं 'वाढतीया' म्हणावं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तपासणीला श्रीगोंद्याच्या शेख मॅडम आल्या. लहान मुलांच्या डॉक्टर. "एवढ्या थंडीत तिला दवाखान्याच्या गर्दीत आणू नका, मीच येते," असं त्यांनी स्वतःहून कळवलं होतं. मी सकाळपासून घर घासत होते, वाट्या-चमचे उकळत होते. तात्या धुतलेलं धोतर नेसून आणि इस्त्रीची टोपी घालून तयार होते. भाऊबीज सोडून एरवी मी त्यांना त्या टोपीत पाहिलं नव्हतं. मॅडमनी कोपरापर्यंत हात धुतले, तळवे चोळून गरम केले आणि पिशवीतून झोळीचा काटा काढला.

"कडीला म्या अडकवतो, म्याडम," तात्या पुढं झाले. "आन थंडी लई हाय. कपड्यासकट मोजा तिला."

"चालेल, कपड्यांचं वजा करू. मग तपासताना काढूच," मॅडम म्हणाल्या.

गुंजनला कुंची घातली तात्यांनी, झोळीत ठेवली तात्यांनी. पाळण्याच्या कडीला काटा लटकला, जरा हलला आणि थांबला. मॅडमनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि त्या हसल्या. "अरे वा! मला खरंतर भीती होती. छान वाढलीय की!"

मी जमिनीवर बसले आणि रडायलाच लागले. सतीशनं संस्थेला फोन लावायला खिशातून मोबाईल काढला. मॅडम सांगत होत्या, "आता तिला सारखं उठवून पाजायचा आटापिटा नको. झोपू दे पोटभर. दवाखान्यानं दिलेली दुधात घालायची पावडर आणि ते ताकदीचं औषधही आता बंद करू..."

"म्याडम, थांबा."

तात्या दाराला टेकून उभे होते. ते पुढं आले, झोळीतून गुंजनला उचललं, कुंचीच्या पाठीमागची दुमड उलगडली आणि आतून दोनशे ग्रॅमचं पितळी वजन काढून टेबलावर ठेवलं. आमच्या घरात ते वजन देवळीत असायचं. तात्यांच्या वडिलांच्या तराजूतलं.

"माप खोटं हाय," ते म्हणाले. "ह्या हातानं केलं."

सतीशच्या हातातला फोन तसाच राहिला.

"पोरगी वाढली न्हाई, म्याडम. उलटी उतरलीया. हाताला कवाच कळलंय माज्या. पर वजान भरलं न्हाई तर तिला परत न्हेत्याल..."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "मग आत्ता का सांगितलंत, बाबा?"

"तुमी दूध-औशिद कमी कराया निघाला. मला वाटलं हुतं, वजान नुसतं सायबाला कळवायला लागतंय. ते पोरीच्या पोटाशी जाऊन भिडंल, हे न्हवतं ध्येनात आलं." मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "उभ्या जन्मात एकदाच काट्यावर मन चढवलं, आन ते बी हिच्याच जिवावर उठलं बगा."

मॅडमनी कपडे काढून गुंजनला पुन्हा मोजलं, नीट तपासलं. वजन घटलं होतं. पिताना ती दमत होती आणि अंगात रक्त कमी वाटत होतं. तिला दवाखान्यात न्यावंच लागणार होतं. ज्याची भीती होती तेच समोर आलं, आणि तेही तात्यांच्या तोंडून. मॅडमनी आपल्याच गाडीतून आम्हाला नगरला न्यायचं ठरवलं. "आई सोबत राहील असं मी संस्थेला सांगते. मूल तुमच्या घरातून जातंय असं समजू नका, दवाखान्यात जातंय," त्या म्हणाल्या. तात्यांनी गुंजनला माझ्या हातात दिलं. गाडी वळेपर्यंत मी मागं बघत होते. त्यांचे दोन्ही हात तसेच पुढं राहिले होते.

मी आणि गुंजन नगरला असतानाची गोष्ट मला सतीशनं मागाहून सांगितली. एका साध्या दिवशी, ना सण ना वार, तात्या उठून बहिणीच्या गावी गेले. सतीश सोबत होता. दाजी तोवर हयात नव्हते. अंगणात उभं राहूनच तात्या म्हणाले, "सोने, म्या बी गोनीत दगड घातला." आणि सगळं सांगून टाकलं. "त्या साली दाजींच्या घरात काय अडलं हुतं, ते म्या इचारलंच न्हाई. सगळ्या गावाचा पासंग बघितला, माजा तेवढा ऱ्हायला." सोनाआत्या आत गेल्या, पाट मांडला आणि निरांजन लावून आणलं. भाऊबीज केव्हाच होऊन गेली होती. तात्या पाटावर बसून लहान मुलासारखे रडले, असं सतीश म्हणाला. मी सासऱ्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळं मला ते खरं वाटायला वेळ लागला.

गुंजन सावरली. ऑर्डर झाली. ती घरी आली, रांगली, चालली, तात्यांच्या बोटाला धरून बाजारभर फिरली. पितळी वजन हे तिचं खेळणं झालं आणि त्या वजनाची गोष्ट तिची रोजची फर्माईश. तात्या ती रंगवून सांगत, आणि गोष्टीतला चोर स्वतःच होत. "मंग खोट्या वजनावर म्याडम खोटं औशिद देनार हुत्या!"

"मग?" गुंजन डोळे मोठे करायची.

"मंग काय? चोर भ्याला. वरडला, थांबाऽऽ! काट्याला हात लावायचा न्हाई, काय?"

"काट्याला हात लावायचा न्हाई!" ती ओरडायची.

ती पहिलीत गेली त्या वर्षी तात्यांच्या घशाखाली घास उतरेना. भाकरी सुटली, मग भात सुटला, मग पेज. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. नगरला इंजेक्शनं सुरू झाली आणि तात्या उतरत गेले. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन आणखी घटलं तर पुढचं इंजेक्शन त्यांना झेपायचं नाही, मग घरीच ठेवा. गुंजन तिथंच पाटी घेऊन बसली होती. तिनं मान वर करून बघितलं, आणि मला वाटलं, लेकराला काय कळतंय!

पुढच्या खेपेच्या आधी शेख मॅडम तात्यांना बघायला घरी आल्या. नगरच्या डॉक्टरांना वजन कळवायचं होतं, म्हणून त्यांनी पायांखाली ठेवायचा काटा आणला होता. तात्या भिंतीला धरून त्यावर चढले. "आजोबा, मी धरते तुम्हाला," म्हणत गुंजन त्यांच्या मागं गेली आणि त्यांच्या धोतराला बिलगून उभी राहिली. काट्यावरचा आकडा चढला. सतीशनं सुटकेचा श्वास सोडला. मी खाली बघितलं. धोतराच्या सोग्याआड गुंजनच्या पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर टेकला होता, सगळा जीव लावून. मॅडमनाही तो दिसला.

आवाराच्या दुसऱ्या टोकावरून ज्या माणसाला काट्यावर टेकलेला पाय दिसायचा, तो माणूस समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

"भरलं का गं?" त्यांनी विचारलं.

"भरलं, आजोबा! खूप भरलं!"

"बेस झालं. जा, तांब्याभर पानी आन मला."

ती पळाली. तात्या खाली उतरले, दम घेतला आणि पुन्हा एकटेच काट्यावर चढले. "आता घ्या, म्याडम. हे खरं." मॅडमनी आकडा बघितला आणि मान खाली घातली. पुढचं इंजेक्शन व्हायचं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना तिथंच कळलं. "पोरीला सांगू नका," तात्या म्हणाले. "लई मायेनं केलंय तिनं. ऱ्हाऊ द्या." गुंजन तांब्या घेऊन आली. घशाखाली थेंब उतरत नव्हता, तरी त्यांनी तिच्यासमोर एक घोट घेतला. तो घोट उतरायला फार वेळ लागला.

उन्हाळी कांदा बाजारात यायच्या आत तात्या गेले. आवारातले हमाल आणि मापाडी झाडून सगळे आले होते. ज्यांच्या पाठीला गोण्यांची सवय, त्यांनी तिरडी उचलली आणि त्यांच्यातला एक जण न राहवून म्हणाला, "तात्यात काय ऱ्हायलंच न्हवतं की वो." सोनाआत्या ओट्यावर बसल्या होत्या, ती इस्त्रीची टोपी मांडीवर घेऊन.

त्यानंतर गुंजन गप्प गप्प झाली. आम्ही म्हटलं, आजोबांचा लळा होता, हळूहळू विसरेल. एका दुपारी मी ताट वाढत होते, तेव्हा ती देवळीतलं पितळी वजन मुठीत धरून माझ्यापाशी आली.

"आई, मी आजोबांच्या काट्यावर अंगठा ठेवला होता."

मी वाढणं सोडून तिच्याकडे वळले.

"मग मॅडमनी चुकीचं औषध दिलं ना? खोट्या वजनाचं? म्हणून आजोबा गेले ना?"

एवढे दिवस हे ओझं घेऊन पोर शाळेत जात होती, आमच्यात बसत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. पोरीला सांगू नका, हे तात्यांचं सांगणं मी मोडलं. तिला सगळं सांगितलं. तू पाणी आणायला गेलीस आणि आजोबा पुन्हा काट्यावर चढले. मॅडमना त्यांनी खरं तेच माप दिलं. तुझ्या अंगठ्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

ती ऐकत राहिली. "म्हणजे त्यांना कळलं होतं?"

"तू टेकवलास तेव्हाच."

"मग मला रागावले का नाहीत? काट्याला हात लावायचा नाही म्हणायचे."

मी तिला उचलून घेतलं, आणि उचलताच हाताला कळलं. पोरगी उतरली होती. तात्यांच्या घरात इतकी वर्षं राहून मला आज पहिल्यांदा हातानं माप कळलं, आणि तेव्हा ते सांगायला तात्या नव्हते. मी तशीच तिला मांडीवर घेऊन ताटापाशी बसले आणि दूधभाताचा घास कालवला.

"मॅडमना त्यांनी खरं माप दिलं," मी म्हणाले, "आणि तुझं माप स्वतःजवळ ठेवून घेतलं."

तिनं मूठ उघडून वजन ताटाशेजारी ठेवलं. मग तोंड उघडलं आणि घास घेतला.